न उचललेली पिशवी

जपानातली भुयारी गाडी म्हणून बसले, तर नदी आली तशी ती चक्क पुलावर चढली. खाली अराकावा नदीचं रुंद पात्र, काठावर बेसबॉल खेळणारी मुलं, आणि लगेच निशी-कसाई स्टेशन. धाकटी बहीण मनीषा बाळाला पोटाशी बांधून बाहेर उभी होती. तिला भेटल्यावर मी पहिलं विचारलं ते, "अगं, कचऱ्याचा डबा कुठे आहे?" विमानतळावर खाल्लेल्या केळ्याचं साल अजून माझ्या पर्समध्येच होतं.

"रस्त्यावर डबे नसतात ताई. आपापलं घरी न्यायचं."

"डबे नाहीत आणि कचराही नाही? हे कसं काय?"

"आल्या आल्या सुरू झालीस?"

होणारच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बार्शीत राहून राज्यशास्त्रात बी. ए. केलं, तेही पहिल्या वर्गात. कुठला कारभार कसा चालतो हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. इथे तर पावलोपावली कोडी. पहिलीतली पोरं पिवळ्या टोप्या घालून एकटी शाळेत जातात. संध्याकाळी कर्ण्यावर गाणं वाजतं आणि मैदानातली मुलं घरी वळतात. रस्ता रिकामा असला तरी माणसं लाल दिव्याला थांबतात. "गाडी नाही, पोलीस नाही, मग थांबलेत कोणासाठी?" मी विचारायची. मनीषा म्हणायची, "ताई, तू आधी थांब."

कोंबिनीत (दिवसरात्र उघडं असणारं छोटं दुकान) भाताचा त्रिकोणी गोळा घेतला, तर आत खारवलेलं आंबट फळ निघालं. डोळे मिटले, पण दुसरा घेतलाच. आईच्या लोणच्याच्या जवळचं काहीतरी परदेशात सापडलं होतं.

कचऱ्याचं मात्र मला पटेना. जळणारा वेगळा, पत्र्याचे डबे वेगळे, ज्याचा त्याचा वार वेगळा. "शेवटी सगळं एकाच खड्ड्यात जात असणार," मी ठणकावून सांगितलं. बारसं रविवारी होतं, म्हणून आदल्या दिवशी सकाळी मी ओटा आवरायला घेतला. आईने मनीषासाठी दिलेल्या डिंकाच्या लाडवांचा पत्र्याचा डबा रिकामा झाला होता. तो भाजीच्या देठांसकट जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत घातला आणि खाली ठेवून आले.

थोड्या वेळाने आईचा व्हिडिओ कॉल आला. "वाळे बसतात का गं बाळाला?"

"कुठले वाळे?"

"तुम्हा दोघींच्या बारशाला घातलेले. लाडवांच्या डब्यात, तळाच्या कागदाखाली."

"आई! मला सांगायचं नाही का?"

"तुला सांगितलं असतं तर विमानतळावर गावभर करून आली असतीस. तू डबा घासशील तेव्हा सापडतीलच म्हटलं."

घासायचा तो डबा मी टाकला होता. आई माझ्या फोनवर अजून बोलत होती आणि मनीषाचा चेहरा उतरत चालला होता. मी मनीषाचा फोन हिसकावून अनवाणीच जिना उतरले. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली. कचऱ्याच्या जागी शेजारचे म्हातारे ओकादा-सान ('सान' म्हणजे आपलं 'राव') कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून लावलेली जाळी गुंडाळत होते. त्या आठवड्यात जागा आवरायची पाळी त्यांची होती. बाकी जागा लख्ख. एकच पिशवी उरली होती, तिच्यावर भला मोठा कागद चिकटवलेला. आमची!

मी ती पिशवी छातीशी धरली. ओकादा-सान पारदर्शक पिशवीतल्या डब्याकडे बोट दाखवून गंभीरपणे काही सांगू लागले. मी वर माझ्या फोनवर मनीषाला गाठलं आणि स्पीकर लावून हातातला फोन त्यांच्या हाती दिला.

"ताई, ते म्हणतात ही चुकीची भरली म्हणून नेली नाही. घरी नेऊन परत वेगळी करा."

"त्यांना म्हणावं, फार फार उपकार झाले!"

"कसले उपकार विचारतायत."

मी तिथेच बसून पिशवी सोडली. परक्याचा कचरा बघायचा नाही म्हणून ओकादा-सानांनी पाठ फिरवली. डब्याच्या तळच्या कागदाखालून चांदीचे वाळे निघाले आणि मला रडूच फुटलं. ते वळले, माझ्या हातातले एवढेसे वाळे पाहिले आणि त्यांचा सगळा गंभीरपणा गेला. "कावाईई!" (किती गोड!) म्हणाले. दुसऱ्या दिवशी बारशाला ते बायकोला घेऊन आले. घुगऱ्या त्यांनी काड्यांनी एकेक उचलून खाल्ल्या.

तो डबा मी बार्शीला परत आणला. आईने सगळं ऐकलं आणि हात जोडले. "म्हातारा भला, म्हणून वाचलं."

"त्यांनी काही केलं नाही, आई. गाडीवाल्यांनी नियमाने पिशवी नाकारली."

"मग नियम भला."

एवढं बी. ए. करून मला हे इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं. आमच्याकडे घंटागाडी येते, कोणी काही बघत नाही, सगळं पोटात घेते, आणि त्यालाच मी सोय समजत होते. आता मी ओला-सुका वेगळा करून दोन बादल्या घेऊन उभी राहते. गाडीवाला दोन्ही एकत्रच ओततो. शेजारीण हसते, "ताई, कशाला दमता? जपान गेलं जपानात."

हसू दे. बादली देण्याआधी मी तिचा तळ बघते, आणि मनीषाच्या लेकीच्या पायातले वाळे मला ऐकू येतात.