कूलर माळ्यावर, सासरे शेजारी

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला जागा आहे. कूलरला फक्त बाहेर यायला जागा नाही.

दोष माझाच. हिवाळ्यात मला घर शिस्तीत लावायचा झटका आला. आठ दिवस सुट्टी टाकली, ड्रिल मशीन आणली आणि पॅसेजमध्ये, माळ्याच्या तोंडाशीच, जमिनीपासून छतापर्यंत उघड्या फळ्यांचं रॅक ठोकलं. प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी : औषधं, बिलं, सणवार, किरकोळ, अतिकिरकोळ. हलू नये म्हणून भिंतीत सिमेंटही भरलं!

"एवढं मजबूत काहून करून राहिले जी?" बायकोनं, म्हणजे शोभानं, विचारलं.

"जन्मभराचं काम आहे!"

(तेवढं मात्र खरं निघालं.)

एप्रिलात कूलर काढायला गेलो, तर तो माळ्यावर आणि वाटेत माझं रॅक. फळ्यांमधून हात जात होता, लोटी जात होती, कूलर जात नव्हता. त्याला आडवा केला, तिरपा केला, दोन शब्द समजुतीचे सांगितले. ढिम्म! आणि नेमके त्याच दुपारी सासरे, आमचे बाबूजी, रामटेकहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांची ताकीद एकच : ऊन आणि धूळ सांभाळा.

"तोडा ते रॅक!" शोभा म्हणाली.

"सिमेंटची धूळ उडेल ना! डॉक्टर काय म्हणाले?"

"मंग काय, माह्या बाबूजीले उकडून काढता?"

मी शांतपणे म्हणालो, "कूलर माळ्यावरच चालवू. गार हवा खालीच येते, हे शास्त्र आहे."

स्टुलावर चढून फळ्यांमधून लोटी-लोटीनं टाकी भरली. (चाळीस लोट्या. अर्धं पाणी माझ्या बाहीत.) बाबूजींची खाट पॅसेजमध्ये, बरोबर झोताखाली टाकली. वायर ओढली आणि बटण दाबलं.

कूलरच्या थेट तोंडासमोर 'सणवार'चा कप्पा होता. त्यात होळीचा उरलेला गुलाल होता. पुडी उघडी होती.

घुर्र्र!

पुढच्या क्षणी बाबूजी गुलाबी होते. टोपी गुलाबी, मिशा गुलाबी, बंडी गुलाबी. चष्म्यानं डोळे वाचवले, म्हणून मी आज हे लिहू शकतो.

"जावईबापू," ते खाटेवरूनच म्हणाले, "मले आपरेशनसाठी बोलावलं का रंग खेळाले?"

आरडाओरडा ऐकून शेजारच्या वानखेडे काकू धावत आल्या. त्यांनी बाबूजींकडे पाहिलं, वर कूलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहायचंही टाळलं.

"चला भाऊ, आमच्याकडे. पसारा आहे, पण कूलर खिडकीत आहे."

बाबूजींनी पिशवी उचलली. मागे वळूनही पाहिलं नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. दहा दिवस ते तिकडेच, वाळ्याच्या ताट्यांच्या गारव्यात, बटाट्यांच्या पोत्याशेजारी घोरत होते. आता दर उन्हाळ्यात ते थेट काकूंकडेच उतरतात. जावई म्हणून मीही रोज दुपारी त्यांची विचारपूस करायला जातो.

चार-पाच तास.