त्या दिवशी पोलीस नव्हताच

दौंडच्या जुन्या रेल्वे मंडळींचा मेळावा भरणार आहे, आणि त्यानिमित्त एक अंक निघणार आहे. समितीतल्या एका पोराचा मला शिरूरला फोन आला. म्हणाला, आबा, पोलिसाला बघून पळालेल्या त्या बाईची गोष्ट लिहून द्या. आम्ही तिच्यावर नाटुकलंही बसवतोय. मी त्याला सांगितलं, ती गोष्ट खोटी आहे. तो हसला.

"असू द्या की आबा. लोकांना मजा येते ना."

तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

त्या अंकात बाकीचे काय लिहिणार, हे मला आत्ताच ठाऊक आहे. इंजिनांच्या शेडच्या भोंग्यावर सगळं गाव उठायचं. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या क्लबात लाकडी फ्लोअरवर नाच व्हायचे, नाताळचा केक असायचा, आणि सगळे एका कुटुंबासारखे राहायचे. कुठलं कुटुंब? तो फ्लोअर मी खिडकीच्या जाळीतून पाहिला, तोही वॉचमन हाकलेपर्यंत. रुळांपलीकडच्या रेल्वे कॉलनीत घरोघर नळ होते. रुळांच्या अलीकडे आमच्या खोल्यांची एक ओळ होती आणि तिला मिळून एक नळ होता. वारा आमच्या बाजूला फिरला की दोरीवरची धुणी काजळीनं काळी व्हायची. मग त्याच नळावर पुन्हा रांग, पुन्हा भांडणं. याला सोन्याचे दिवस म्हणणारे तेव्हा कोणत्या बाजूला राहत होते, ते त्यांनी आधी लिहावं.

माझे आईवडील मेंढरांमागे फिरायचे, म्हणून शाळेसाठी मला दौंडला चुलत्याकडे ठेवलं होतं. चुलता लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांवरचा मदतनीस होता. चुलती, तिची लहान मुलगी आणि मी, असे आम्ही एका खोलीत राहत होतो. इंजिन शेडमध्ये आलं की त्याच्या भट्टीतला जाळ खाली पाडत आणि ती राख कुंपणाबाहेर आणून टाकत. त्या ढिगातले अर्धवट जळालेले कोळसे आमच्या ओळीतल्या बायका वेचून आणायच्या. त्यावर आमच्या शेगड्या पेटायच्या. रेल्वेनं फेकून दिलेला कचरा होता तो. त्यासाठी कधी कुणाला अडवलं नाही, कधी कुणाला पकडलं नाही. ती चोरी नव्हती.

वेचणं चुलतीचं, पाणी मारणं माझं. कोळसा वरून काळा दिसला तरी आत निखारा असतो, म्हणून पाटी भरली की डबडं भरभरून पाणी ओतायचं, चुर्र आवाज थांबेपर्यंत ओतत राहायचं आणि मगच पाटी डोक्यावर द्यायची. एवढंच काम होतं माझं. त्या दिवशी मैदानावर कॉलनीच्या पोरांची फुटबॉलची मॅच होती. हौद लांब होता. मी अर्धं डबडं पाणी वरवर शिंपडलं, पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि मॅचला पळालो.

वाटेत पाटीचा बांबू जळून बूड फाटलं. निखारे तिच्या पदरावर, केसांत पडले. ती हौदाकडे धावली. डोक्यातून धूर निघत होता आणि मैदानाच्या कडेला उभी असलेली पोरं शिट्ट्या मारून 'इंजिन, इंजिन' ओरडत होती. त्या पोरांत मी होतो. मी ओरडलो नाही, पण तिच्याकडे धावलोही नाही.

संध्याकाळी चुलत्यानं विचारलं तेव्हा मार चुकवायला मी म्हणालो, पोलीस आला, काकी पळाली, पाटी कलंडली. पोलीस म्हटल्यावर चुलत्याला स्वतःची नोकरी जाताना दिसली. जळालेल्या डोक्यानं बसलेल्या बाईला त्यानं मारलं आणि चोरटी म्हणाला. पुढं तो शब्द आमच्या ओळीत तिच्या नावाला चिकटला. नळावर भांडण झालं की पहिल्यांदा तोच निघायचा.

तिनं मला एकदाच विचारलं, "पाणी घातलं व्हतंस का रं?"

मी म्हणालो, "व्हय."

त्यानंतर तिनं मला डबड्याला हात लावू दिला नाही. डोक्यावरच्या त्या जागी पुन्हा केस आले नाहीत, आणि मरेपर्यंत तिचा पदर कधी डोक्यावरून ढळला नाही.

इथपर्यंत पोराचा गुन्हा म्हणून सोडून देता येईल. पुढचा नाही. मी मोठा झालो, रेल्वेत लागलो, आणि गप्पांत, लग्नांत, निवृत्तीच्या समारंभांत ही गोष्ट रंगवून सांगत राहिलो. पोलिसाला मी मिशा दिल्या, काठी दिली, पायाला पट्ट्या दिल्या. चुलतीची मात्र 'एक बाई' केली. लोक पोट धरून हसायचे, आणि मला ते आवडायचं. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आया तोच कोळसा वेचत होत्या. एकानंही कधी विचारलं नाही, की बाबा, त्या बाईला किती भाजलं?

फोननंतर मी कासुर्डीला गेलो. चुलतीची ती मुलगी आता तिथे असते, नातवंडं आहेत तिला. मी सगळं सांगितलं. ती कांदे निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मला शाळेत चोरटीची म्हणायची पोरं. तवा तू बाजूलाच असायचा, दादा."

मी म्हणालो, आता लिहून देतो.

"आन् आई व्हती तवा काय हात मोडलं व्हतं?"

मी उठून चपला घातल्या. निघताना तिनं चहाचं विचारलं नाही. दारापर्यंत येऊन एवढंच म्हणाली, "छापून आन. मग ये."

तेव्हा समितीनं ऐकावं. छापायचं तर हेच छापा, जसंच्या तसं. आणि ते नाटुकलं बसवलंत, तर मी मेळाव्याला येईन, पहिल्या रांगेत बसेन, आणि नाटुकल्यातल्या पोलिसाची शिट्टी वाजली की उठून त्या बाईशी माझं नातं काय ते सगळ्यांसमोर सांगेन. मग हसून दाखवा.