टाळांचा सोलो

आता तुमच्यापासून काय लपवू? आमच्या मंडळाची नवीकोरी पेटी हातची गेली, ती निव्वळ माझ्या आगाऊपणामुळे. आणि त्या आगाऊपणाचं कारण? जॅझ! हसू नका.

तळेगावात आमचं महिला भजनी मंडळ आहे. मी त्यात टाळ वाजवते. लेकीनं फोनवर गाण्यांचं अ‍ॅप टाकून दिलं आणि मी पोळ्या लाटताना जॅझ ऐकायला लागले. अ‍ॅप भलतं आग्रही हो! एक आवडलं की लगेच, 'असंच आणखी ऐका.' ऐकत गेले. जिप्सी जॅझ झालं, त्यात गिटारी नुसत्या उधळलेल्या. मग इथिओपियाचं जॅझ, ते तर थेट आपल्यातलंच वाटलं. असं करत करत पोचले फ्री जॅझला. तिथं ठेका नाही, सम नाही, कुणी कुणासाठी थांबत नाही!

मी लाटणं खाली ठेवलं. अहो, ही तर आमची मंगळवारची प्रॅक्टिस!

झालं. मला वाटलं, आपण जन्मजात कलाकार.

कामशेतला भजन स्पर्धा होती. पहिलं बक्षीस पेटी. आमच्या पेटीचा भाता फाटलेला, ती सुरांपेक्षा सुस्कारेच जास्त टाकते. त्यामुळे नवी पेटी जिंकायचीच म्हणून आमच्या मुख्य गायिका सुनंदाताई गळा जपत महिनाभर गरम पाणी पीत होत्या.

अभंग रंगला. परीक्षक माना डोलवायला लागले. आणि माझ्या अंगात आलं! डोळे मिटले, ठेका सोडला आणि टाळांचा सोलो सुरू.

पखवाजावर पवन मावळातले आमचे म्हातारे आबा. त्यांना वाटलं, मी लय वाढवा म्हणतेय. त्यांनी वाढवली. सुनंदाताईंना वाटलं, वेळ संपत आली. त्यांनी दोन चरण गाळून थेट शेवट गाठला. बाकीच्या बायका अजून पहिल्याच चरणात! डोळे उघडले तेव्हा सगळे थांबले होते, वाजवत होते फक्त मी.

सुनंदाताई दातओठ खात कुजबुजल्या, "अगं, एकटीच काय वाजवतेस?"

"ताई, सोलो म्हणजे तेच की!"

पेटी वडगावच्या मंडळाला गेली.

परतताना एका टेम्पोत आम्ही नऊजणी आणि आबा. सगळ्या माझ्याकडं पाठ करून बसलेल्या. शेवटी मीच आबांना समजावलं, "आबा, परदेशात असंच वाजवतात हो. ज्यानं त्यानं आपापलं. कुणी कुणाकडं बघतसुद्धा नाही!"

आबा पखवाजाला गवसणी घालत होते. वर न बघताच म्हणाले, "आसंल की पोरी. पन मंग ती मानसं घरला येगयेगळ्या गाड्यांनी जात आसत्याल."