मामांचा मंगळवार

आमचे मामा सुट्टीला भीत. माणसं साहेबाला भितात, सापाला भितात, बायकोला भितात. मामा आठवड्याच्या सुट्टीला भीत. तरुणपणी होटगीहून आले, चिंचोळीकडच्या एका सूतगिरणीत लागले, आणि शेवटची कित्येक वर्षं त्यांनी सुट्टीच्या दिवशीही काम मागून घेतलं. गिरणीतले लोक म्हणत, असा कष्टाळू माणूस शोधून सापडणार नाही. मामी म्हणत, यांना घरात करमतच नाही. दोघांचंही चुकत होतं, आणि सगळ्यात जास्त चुकत होतं मामांचं. आजही ते आठवलं की माझा जीव तळमळतो.

मामा ब्लो रूममध्ये होते. कापसाच्या गाठी गिरणीत आल्या की पहिल्यांदा तिथं फुटतात, यंत्रात झोडपल्या जातात, आणि बारीक धूळ हवेत तरंगत राहते. संध्याकाळी मामा घरी येत तेव्हा भुवया पांढऱ्या, कानांवरचे केस पांढरे. आम्ही भाचरं ‘म्हातारा आला’ म्हणून ओरडायचो. ते पायरीवर बसून आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचे, कारण गुळानं कापूस खाली उतरतो हे त्यांचं शास्त्र. गूळ पोटात जातो आणि धूळ छातीत, हे मी एकदा शाळेतलं पुस्तक दाखवून सांगितलं होतं. त्यावर ‘गिरणीत तू जातीस का मी?’ असं विचारून त्यांनी मला गप्प केलं आणि मलाही एक खडा दिला.

एमआयडीसीत सगळ्यांनाच रविवार मिळत नाही. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कारखान्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून द्यायच्या जुन्या सोयीनं मामांच्या गिरणीच्या वाट्याला सोमवारची सुट्टी आली होती. मामा त्यावर बेहद्द खूश. आमचं घर लिंगायताचं, सोमवार महादेवाचा. सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन, दिवसभर उपास, संध्याकाळी मामींच्या हातची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. ‘साहेबाला रविवार, आपल्याला देवाचा वार,’ असं ते ऐटीत सांगायचे.

मग कधीतरी त्यांचा मंगळवार बिघडायला लागला. आधी क्वचित. एखाद्या मंगळवारी दुपारनंतर छातीवर पाट ठेवल्यासारखं व्हायचं आणि बुधवारी सकाळी काही नाही. पुढं दर मंगळवारी व्हायला लागलं. मामींनी निदान केलं की उपासानं पित्त होतं. लहानपणापासूनचा सोमवार मामांनी सोडला, आणि सोडला त्या दिवशी देवळाच्या पायरीवर बराच वेळ नुसते बसून राहिले. मंगळवार मात्र तसाच राहिला. मग एका सोमवारी यंत्रांची सफाई निघाली म्हणून त्यांना बोलावणं आलं, आणि त्या मंगळवारी छाती मोकळी.

झालं! मामांना रोगाचं मूळ सापडलं. ‘सुट्टी बाधती मला,’ ते म्हणाले. ‘इंजान बंद ठिवलं की गार पडतंय. चालू ठिवायचं. लई सोपं हाय.’ त्यानंतर त्यांनी सोमवार मागून घ्यायला सुरुवात केली. दिवाळीला होटगीला जाईनात. माझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि मामा गायब, थेट गिरणीत. जेवणाच्या पंगतीत त्यांचं पान तसंच वाढलेलं राहिलं. मी कितीतरी दिवस रुसले होते. या उपायावर ते एकटेच थांबले असते तरी निभावलं असतं. पण मामांचा स्वभाव वाटून खाण्याचा. खात्यात ज्याची छाती भरून येईल त्याला ते बाजूला घेऊन सांगत की बाबा, सुट्टी घेऊ नकोस. आणि सुट्टी न घेणाऱ्याची छाती खरंच त्या आठवड्यापुरती मोकळी राहायची. मामांचा शब्द खात्यात वैद्यासारखा चालायला लागला.

पुढं बुधवारही बिघडला, मग गुरुवार. जिना चढताना ते मध्येच थांबून कुणाशीतरी बोलायचं निमित्त काढू लागले. घरात सगळ्यांना धास्ती टीबीची. छातीचा फोटो काढला तर स्वच्छ! मामा तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. एका मोठ्या डॉक्टरांनी मात्र सूतगिरणी हा शब्द ऐकला आणि बरोबर प्रश्न विचारला: सोमवारी कामावर गेल्यावर जास्त होतं का? मामा खरं बोलणारे. सोमवारी मी घरी असलो की ठणठणीत असतो, आणि कामावर गेलो तरी ठणठणीतच असतो, असं त्यांनी छाती काढून सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, दम्याचा पंप लिहून दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बऱ्याच दिवसांनी, मामांना आंघोळीलाही दम लागायला लागल्यावर, मी त्यांना एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी वार विचारला नाही. त्यांनी विचारलं, ‘तुमची सुट्टी कधी असते?’

मामांनी सगळं सांगितलं. उपास, सफाई, गार पडणारं इंजिन. सांगताना त्यांना वाटत होतं आपण काहीतरी शाबासकीचं सांगतोय. बाईंनी पेन खाली ठेवलं. कापसाच्या धुळीचं हे दुखणं आहे, त्या म्हणाल्या, आणि ते पायरी पायरीनं चढतं. पहिल्यांदा सुट्टीनंतरच्या दिवशी, तेही अधूनमधून. मग सुट्टीनंतरच्या प्रत्येक पहिल्या दिवशी. मग आठवड्यातल्या बाकीच्या दिवशीही. आणि शेवटी कायमचं. पुस्तकात त्याची खूण सोमवार अशी लिहितात, कारण जगाची सुट्टी रविवारी. रोज धूळ मिळत राहिली की शरीर तेवढ्यापुरती तक्रार थांबवतं, आतलं नुकसान मात्र थांबत नाही. पहिल्या पायऱ्यांवर कापूस सुटला तर माणूस बरा होतो.

‘म्हंजे मी कितवीत?’ मामांनी विचारलं. बाईंनी पेन पुन्हा उचललं तेव्हा ते स्वतःच हसून म्हणाले, ‘शेवटच्या वर्गात बसवलंय वाटतं. शाळंत कदी इतका पुढं गेलो न्हवतो.’

रिक्षात मात्र त्यांनी माझा हात धरला. स्वतःबद्दल एक शब्द नाही. ‘यव्वा, मी समद्यांना उलटं सांगितलं की गं,’ एवढंच म्हणाले, आणि घर येईपर्यंत तेच म्हणत राहिले. यव्वा म्हणजे आई. लाडात असले की ते मला तसं म्हणत. त्या दिवशी त्यात लाड नव्हता.

त्यांनी काम सोडलं आणि खात्यातल्या माणसांना घरी बोलवायला सुरुवात केली. एकेकाला समोर बसवून विचारायचे, सुट्टीनंतर कसं वाटतंय? कुणी खाली बघे, कुणी बरं आहे म्हणे. मामा सांगायला लागत की मी चुकलो, डॉक्टरकडं जा, खातं बदलून मागा. आणि अर्ध्या वाक्यात त्यांचा श्वास संपे. पूर्वी हा माणूस चौकात उभा राहिला तर दोन गल्ल्यांना ऐकू जाई. आता ‘मी चुकलो’ या दोन शब्दांच्या मध्ये त्यांना थांबावं लागत होतं. माणसं माना डोलवत. मरणाऱ्या माणसापुढं कुणीही डोलवतो तशा.

शेवटच्या महिन्यात एका दुपारी मी त्यांना भेटायला गेले होते, तेव्हा मामींनी आतून किंचाळून मला बोलावलं. मामा जमिनीवर बसले होते. उशी फाडलेली, कापूस मांडीवर, आणि तोंड त्या कापसात खुपसलेलं. मी ओढून काढलं तर चेहरा पांढरा, पूर्वी गिरणीतून यायचा तसा. ‘थोडा गेला आत की मोकळं हुतंय,’ ते म्हणाले. ‘जरासाच. तू डॉक्टरीणबाईला सांगू नको.’ सगळं कळलेला माणूस होता तो. मी कापूस गोळा करत रडत होते आणि मला देवाचा, गिरणीचा, सगळ्या वारांचा संताप येत होता. मामींनी ती गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला रडत रडत सांगितली. त्यांना अडवायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यांचं रडणं मी कसं अडवणार होते?

मामा गेले. मातीला अख्खं खातं कामावर दांडी मारून आलं. त्यातला मल्लिनाथ, जेमतेम तिशी ओलांडलेला, दोन दिवसांनी सकाळी माझ्याकडं आला. मामांची आठवण काढली, चहा अर्धा ठेवला. मातीला आलो, सुट्टी पडली, काल कामावर गेल्यावर छाती धरली, असं सहज बोलल्यासारखं बोलला. मी तिथंच त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता काढला आणि मामांनी मरता मरता काय सांगितलं होतं त्याची त्याला आठवण करून दिली.

तो माझी समजूत घातल्यासारखा हसला. ‘शेवटी त्यांचं डोस्कं ठिकाणावर न्हवतं, ताई. न्हायतर त्यांनीच उशी कशाला फाडली असती? आधीचं सांगितल्यालंच खरं.’

दारात उभ्या केलेल्या त्याच्या गाडीची किल्ली मी काढून घेतली. आज कामावर जायचं नाही, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल, म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं हात पुढं केला, आणि लहान मूल मागतं तशी किल्ली मागायला लागला.

‘द्या की, ताई,’ तो म्हणाला. ‘आज घरी ऱ्हायलो तर उद्या मला श्वास येत न्हाय.’