हेडफोनमधला डॉक्टर

आमच्या घरी रोज सकाळी सहा ते दहा एक अमेरिकन डॉक्टर बोलत असे, आणि तो फक्त माझ्या बायकोला ऐकू येत असे.

तिकडचे डॉक्टर रोगी तपासला की त्याची हकीकत यंत्रात बोलून ठेवतात. ते रेकॉर्डिंग इंदूरच्या एका कंपनीमार्फत आमच्या, फ्रीगंज बाजारामागच्या दोन खोल्यांत येतं आणि बायको ते लिहून काढते. पायाखाली पेडल असतं. पंजानं दाबलं की आवाज सुरू, टाचेनं दाबलं की मागे. हल्ली पहिला मसुदा संगणकच करतो. तिनं ऐकून तो दुरुस्त करायचा.

"मशीनला त्यांचं बोलणं समझतच नाही," ती सांगायची. "अर्धे शब्द गिळतात ना ते." हे ती ज्या कौतुकानं सांगायची, ते मला खुपायचं.

मी वीज कार्यालयात मीटरचे आकडे तपासतो, त्यामुळे मोजायची सवय आहे. रंगपंचमीच्या सुट्टीत मी मोजलं. सकाळभरात मी तिला सात प्रश्न विचारले. दोहोंना उत्तर मिळालं, एकाला नुसतं "हं". तेवढ्या वेळात त्याचं एकच वाक्य तिनं पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली. माझं कुठलं वाक्य तिनं दुसऱ्यांदा ऐकल्याचं आठवत नाही.

एकदा चहा घेताना म्हणाली, "त्यांचा घसा बसलाय परवापासून. सुट्टी का नाही घेत कोण जाणे."

"माझाही बसलाय," मी म्हणालो.

"तुम्ही काल दही खाल्लंत."

"त्यानं काय खाल्लं तेही ठाऊक असेल तुला."

"अहो, अगदी सवतीसारखे बोलताय!" ती हसत सुटली. मला हसू आलं नाही.

मलाही ऐकू दे म्हटलं, तर तिनं साफ नाही म्हटलं. रोग्याची माहिती तिसऱ्यानं ऐकायची नाही, अशा कागदावर तिची सही होती. मीही नियम मोडणाऱ्यातला नाही. एकाच्या मीटरचा आकडा मी त्याच्या शेजाऱ्याला सांगत नाही.

पण श्रावणातल्या एका सकाळी सिलेंडरवाल्यानं खालून हाक मारली. देवळातल्या दर्शनाच्या गर्दीमुळे त्याची गाडी गल्लीबाहेरच अडली होती. ओटीपी बायकोच्या फोनवर आलेला, म्हणून ती खाली गेली. मी हेडफोन कानाला लावला आणि पेडल दाबलं.

एक दमलेला माणूस कुणा म्हातारीच्या गुडघ्याबद्दल सांगत होता. आवाजात खास काही नव्हतं. शेवटी म्हणाला, हे जो कोणी लिहीत असेल त्याचे आभार. लिहिणारा पुरुष आहे की बाई, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, एवढ्याशा आभारांवर हा माणूस तिचे रोजचे चार तास घेतो, आणि मला तेवढे कधी मिळाले नाहीत.

ती वर आली. "काय चाललं होतं?"

मी खाकरलो. "काही नाही."

"खोटं बोलायच्या आधी तुम्ही खाकरता. किती ऐकलंत?"

"एक मिनिट चाळीस सेकंद."

ती खुर्चीत बसली. "मला कळवावं लागेल."

"राहू दे ना. कुणाला पत्ता लागणारे?"

"हे तुम्ही म्हणताय?" ती म्हणाली.

तिनं कळवलं. कंपनीनं तिला ठेवलं, पण त्या डॉक्टरचं काम काढून दुसरीकडे दिलं. आता तिच्याकडे एक डॉक्टरीणबाई आहेत. मी माफी मागितली, आणि ती मनापासून होती. पण आतून मला आनंदही झाला, हेही लिहून ठेवायला हवं.

महिनाभरानं एका सकाळी काम सुरू करण्याआधी ती नुसतीच बसून होती.

"त्यांचं आता कोण लिहीत असेल?" ती म्हणाली.

मी समोरच बसलो होतो. प्रश्न मला विचारलेला नव्हता.