राखणदाराचा लाल सोडा मी प्यायलो

थांबा थांबा, जेवण नंतर, हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर माझं पोट फुटेल!

मी इकडे आखातात, राई नावाच्या भागात एका गॅरेजमध्ये गाड्यांच्या एसीचं काम करतो. माझ्या बाजूला पेंटिंग करणारा एक थाई दादा आहे. त्यानं ऑइल फिल्टरच्या खोक्याचं छोटंसं घर करून कपाटावर ठेवलंय. आत कोण? जागेचा राखणदार, त्यांच्या गावाकडे असतो तसाच! रोज समोर लाल सोड्याची बाटली. झाकण उघडून, स्ट्रॉ घालून!!

परवा दादाची ड्रायव्हिंग टेस्ट होती. आधी दोनदा नापास. आता नापास झाला तर मॅनेजर लायसनवाला दुसरा पेंटर आणणार होता. सकाळी दादानं उदबत्ती लावली, हात जोडले आणि बाहेर गेला. मी तापलेल्या बॉनेटमधून डोकं वर काढलं तर समोर थंडगार सोडा. आपल्याकडे नैवेद्य दाखवला की झालाच ना प्रसाद! संपवला. ढेकरही दिला.

"सदीक!" दादा दारातूनच ओरडला. मित्राला इथं असंच म्हणतात, पण हे मित्रासारखं नव्हतं. "उदबत्ती अभी चालू! वो पी रहा था!"

म्हणजे मी राखणदाराच्या तोंडातून स्ट्रॉ काढली होती! टेस्टला तास उरलेला. दादानं रडवेला होऊन गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती हसतच सुटली. दादानं मला तिचं बोलणं सांगितलं, आजोबांच्या काळात राखणदाराला तांदळाची दारू लागायची, मग लाल सोडा आला, आता आई बिनसाखरेचा ठेवते. गावात सगळ्यांना शुगर, त्यालाही असेलच! आणि हल्ली तो पूर्वीसारखा चिडत नाही, माफी मागा म्हणे.

माफी म्हणजे गाऱ्हाणं! मी नवी बाटली उघडली. "बा देवा म्हाराजा, तू थयचो काय हयचो म्हायत नाय, पण तुझो सोडो मी पिलंय. शिक्षा माका कर, ह्येका लायसन गावांदे!"

"व्हय म्हाराजा!" मी शिकवलेलं दादा असं ओरडला की मॅनेजर केबिनमधून धावत आला.

दादा पास झाला!!! येताच म्हणाला, "गाव में काम हुआ तो डान्स देना पडता. तूने पिया, तू नाच."

जेवणाच्या सुट्टीत पाना हातात घेऊन मी खोक्यासमोर नाचलो. दादानं पाठवलेला व्हिडिओ बघून त्याच्या आईचा निरोप आला: राखणदार खूश आहे, पण पोराला नाचता येत नाही.

तुम्ही कधी दुसऱ्याच्या देवाला असं जेवणावरून उठवलंय का? सांगा ना!