रेडिएटरातली हळद

आमच्या घरात घमेलं एकच होतं. लोखंडाचं, काठाला पोचा आलेलं. सकाळी त्यात माझी आंघोळ व्हायची, आणि मी वेणी घालेपर्यंत बाबा तेच घमेलं डोक्यावर पालथं घालून फाट्यावर निघायचे. अकोला-अमरावती रस्त्यावरच्या त्या फाट्यावर, बाभळीखाली, त्यांचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे एक हवेचा पंप, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, सोल्युशन आणि आमचं घमेलं. दिवसभर त्यात ट्यूबा बुडायच्या. संध्याकाळी आई ते राखेनं घासायची, तरी सकाळी माझ्या अंगाला रबराचा वास लागायचाच. शाळेत शेजारची पोरगी म्हणायची, "सरक तिकडं, टायरची पोट्टी." गिऱ्हाईक आलं नाही त्या दिवशी भाकर आणि तिखट. अभ्यास विहारातल्या ट्यूबलाइटखाली, कारण आमच्या घरातला बल्ब मनाला येईल तेव्हा लागायचा.

हे मी रडून सांगत नाही. त्या घमेल्याचं पुढं काम आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मी इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही. चार वर्षं एसटीत उभी राहून अमरावतीला गेले आणि मेकॅनिकल केलं. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी फाट्यावर पेढे वाटले. ज्यांचा टायर पंक्चर होता त्यांना तर दिलेच, ज्यांचा नव्हता त्यांनाही हात दाखवून थांबवलं. एक ट्रकवाला घाबरून विचारत होता, "कोणता टायर गेला भाऊ?" बाबा म्हणाले, "टायर नाई गेला, पोट्टी पास झाली!"

त्याच उन्हाळ्यात बाबांनी अंजनगावहून एक जुनी डिझेल जीप आणली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाकात हवा भरली, आता स्वतःची चार चाकं. आमच्या गावातली चौदा पोरं अमरावतीच्या शाळेत न्यायची-आणायची, असं पालकांशी पक्कं झालं. शाळा सोमवारी उघडणार होती. पालकांनी साफ सांगितलं होतं, "पह्यल्या दिवशी गाडी नाई आली तं आमी दुसरी पाहू." दुसरा तयारच होता, रोज फाट्यावरून हॉर्न वाजवत जायचा.

गुरुवारी बाबा म्हणाले, चल, अकोल्याला तुझ्या आत्याकडे जाऊ, गाडीची परीक्षा होईल. मूर्तिजापूरच्या पुढं इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. अकोल्यात आत्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा तो लाल पट्ट्याला टेकला होता आणि बाबा त्याच्याकडे न बघता सरळ रस्त्याकडे बघत होते, म्हणजे दिसलंच नाही तर झालंच नाही.

आत्याच्या घराला लागून, सगळी गल्ली ज्यांना चाचा म्हणते त्यांचं गॅरेज. चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला लावून दांडा कानाला धरला की पोटातलं दुखणं सांगणार. इंजिन थंड होऊ दिलं, मग त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाणी नव्हतंच. पिठलं होतं. घट्ट, पिवळट-तपकिरी, वर साय धरलेलं.

आत्या डोकावून म्हणाली, "बाप्पा! कांदा टाकला नाई वाटते."

चाचांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. "पानी में ऑइल उतर गया. हेड गॅस्केट गेली, भाऊ. हेड उतारना पडेल, घासायले पाठवना पडेल. दहा-बारा दिवस पकडा." हेड म्हणजे इंजिनाचं डोकं, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्याखाली सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी.

बाबा खाली बसले, जीपच्या पायरीवर. "सोमवारी शाळा हाय," एवढंच म्हणाले. मोठ्यानं नाही, त्या पायरीला सांगावं तसं.

मी म्हटलं, "थांबा नं चाचा. आधी पाहू तं द्या."

"तू गप राय," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षाचा मानूस बोलून राहिला."

मी गप राहिले, पण बोट बुडवलं. चोळलं. साबणानं धुतलं. तेल गेलं, पिवळं गेलं नाही. नखाच्या कडेला असा रंग मी आयुष्यात हजारदा पाहिलाय, आणि तो कुठल्याही इंजिनातून येत नाही. बोट नाकाला लावलं.

"बाबा, ही हळद आहे."

बाबा एकदम उठून टायरची हवा तपासायला लागले. चांगल्या टायरची.

तेवढ्यात आईचा फोन आला. आत्यानं स्पीकरवर घेतला. आई म्हणाली, "पोचले काय? आन् माह्या डब्यातली हळद कोनं नेली व? अर्धा किलो नवी होती. थेट शेजारणीवर आळ घेतला म्या!"

शेवटी बाबा टायराकडे बघतच म्हणाले, "रेडिएटर ठिपकून राह्यलं होतं. ड्रायव्हर लोकं टाकतेत. छेद बुजते म्हनून."

"एक चिमूट टाकतेत, भाऊ!" चाचा ओरडले. "तुमी तं वरात काढली!"

आत्या दाराला धरून हसत खाली बसली. तिकडे आई फोनवर काहून हसता, काहून हसता म्हणून ओरडत होती. मग बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते नाचायचेच बाकी राहिले. "मंग तेल नाईच! हळदच हाय! चाचा, हेड गेलंच नाई!"

माझ्या बोटाला आधी तेलही लागलं होतं; फार वाईट वाटलं मला. पण शिकले कशाला? आत्याकडून काचेचा ग्लास घेतला, गरम पाणी ओतलं आणि ते पिठलं चमचाभर त्यात ढवळून ठेवलं. सगळे त्या ग्लासाकडे असे बघत बसलो, जसे निकालाच्या दिवशी मोबाईलकडे बघतात. हळद हळूहळू तळाला गेली. आणि वर तेलाची चकती आली. चांगली जाड, चमकदार.

"दोन्ही आहे," मी म्हटलं. बाबा परत पायरीवर.

आता मात्र मी कोणी गप म्हणायची वाट पाहिली नाही. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी काढली. तेल काळंच, पाणी न मिसळलेलं, पण बोटभर कमी. तेल भरायच्या झाकणाच्या आतून दुधाळ फेस नाही. म्हणजे तेल पाण्यात जातंय, पाणी तेलात येत नाही. मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवूनच चाचांना इंजिन चालू करायला लावलं. आतून बुडबुडे येतात का पाहिलं. नाही. मागं पांढरा धूर? नाही. म्हणजे इंजिनात पेटणारा वायू पाण्यात घुसत नव्हता, गॅस्केट तिथं तरी फाटलेली नव्हती.

"चाचा, या इंजिनात तेल थंड करायचा कूलर आहे नं, फिल्टरच्या बाजूला? एका अंगानं तेल, दुसऱ्या अंगानं पाणी. मधला पत्रा फुटला तर? चालू इंजिनात तेलाचा दाब जास्त, तेलच पाण्यात जाईल."

"आन् गॅस्केट तेलाच्या रस्त्यावर फाटली असंल तं? तब भी ऐसाच दिसते, बेटा."

बरोबर होतं त्यांचं. पुस्तकातही तसंच होतं. पण मी म्हटलं, "असंल. पण कूलर तासाभरात निघते. हेड कुठं पळून जाऊन राहिलं? आधी सोपं पाहू."

चाचांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. मग बाबा म्हणाले, "खोला कूलर. शिकली हाय ते."

ते वाक्य मी अजून कोणाला दिलेलं नाही, माझ्याजवळच आहे.

कूलर निघाला. वीतभर डबी, आत पत्र्याचे पापुद्रे. तेलाच्या एका तोंडात बूच मारून दुसऱ्यातून हवा द्यायची आणि पाण्यात बुडवायचं. मी म्हटलं, टब लागेल. बाबा काही न बोलता जीपच्या मागं गेले आणि सीटखालून काय काढलं? आमचं घमेलं! तोच पोचा, तोच काठ. पंपही होता. चार चाकांचा मालक झाला, पण घमेलं घेतल्याशिवाय घराबाहेर पडला नाही.

बाबांनी ट्यूबच्या तुकड्याचं बूच कापलं. मी कूलर धरून बुडवला. चाचांनी पंप मारला. एक. दोन. पाच. पाणी शांत. एकही बुडबुडा नाही. गेलं, म्हटलं. गेला सोमवार, गेली डिग्री.

"हटा," बाबा म्हणाले. त्यांनी पंप चाचांच्या हातून घेतला. "बारीक पंक्चर थोड्या हवेनं बोलत नाई. आन् असं आडवं काहून धरतं? कलतं धर. हवा कोपऱ्यात बसते, तिले वाट दे." मग पंप मारायला लागले. पन्नाशीचा माणूस, पण हात फाट्यावरचाच. मी कूलर कलता केला, परत थोडा, परत थोडा.

आणि मग एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. त्याच्यामागं दुसरा. मग ओळच लागली, बारीक, सरळ, मण्यांच्या माळेसारखी.

"पंक्चर!" बाबा एवढ्या जोरानं ओरडले की गल्लीतली दोन दारं उघडली. "पंक्चर हाय, चाचा! म्या आयुष्यभर हेच पाह्यलं!" मी उडी मारली, घमेल्यावर पाय पडला, आणि तेलाचं ते पाणी तिघांच्या अंगावर.

चाचा तोंड पुसत म्हणाले, "बेटी ने बीमारी पकडी, बाप ने जगा पकडी. मी फुकट चाळीस वर्षं कानात स्क्रू-ड्रायव्हर घालून राह्यलो."

शुक्रवारी नवा कूलर बसवला, तेलानं फुगलेले, तिथूनच ठिपकणारे रबरी पाइप बदलले, इंजिनात नवं तेल आणि फिल्टर टाकलं. मग धुणं. कपड्याची पावडर टाकून पाणी भरा, इंजिन गरम करा, थंड होऊ द्या, सोडा. परत भरा. शनिवार संध्याकाळपर्यंत चाललं होतं, आणि आत्याच्या गल्लीतून पिवळा फेस वाहत होता. कोपऱ्यावरच्या बाईनं विचारलं, "कोनाची हळद हाय व?"

आत्या म्हणाली, "जीपची! नवरी इथंच उभी हाय, पाहून जाय."

शेवटचं पाणी मी काचेच्या ग्लासात घेतलं. तळाला हळद नाही, वर तेल नाही. आरपार आत्या दिसत होती. मग कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी, भरलं.

सोमवारी सकाळी चौदा पोरं घेऊन बाबांची जीप वेळेवर शाळेच्या दारात पोचली. काटा मधोमध होता.